काडीच्या टोकावरची वाट

जमलं तर हे सकाळी वाचा. पहिला चहा झालेला असावा, घरातली एक धावपळ उरकलेली असावी आणि दुसरी सुरू व्हायला अजून थोडा अवकाश असावा. खिडकीपाशी, ओट्यावर, जिन्याच्या पायरीवर, कुठेही बसा. पाठ टेकली तरी चालेल. मजकूर जिथे तुटलेला दिसेल तिथे थांबा. चार श्वास जाऊ द्या. मग पुढे या.

आज आपण एका भुंगेऱ्याचं मनन करणार आहोत. मननासाठी मूर्ती, मंत्र किंवा संतांचं एखादं वचन घ्यायची आपली रीत आहे, आणि ती मला प्रिय आहे. पण मन एका जागी ठरायला आणि ठरल्यावर आपल्याच जगण्याकडे वळायला एक किडाही पुरतो, हे मी अनुभवलं आहे. हा किडा फार लांबचा आहे. अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटात तो राहतो. शास्त्रज्ञ त्याला मेलोई फ्रान्सिस्कानस म्हणतात. त्याच्या कुळाशी मात्र आपली ओळख जुनी आहे. म्हणून सुरुवात घराजवळून करू.

०००

डोळ्यांपुढे बाजरीचं शेत आणा. माणदेशातलं आणा, किंवा तुमच्या ओळखीचं जे असेल ते. श्रावण सरत आला आहे. कणसं निसवली आहेत, त्यांच्यावर फुलोरा आहे. वारा आला की सगळं शेत एका बाजूला कलतं आणि परत उभं राहतं.

आता एका कणसाजवळ जा. त्यावर दोन-तीन भुंगेरे बसले आहेत. लांबट अंग, मऊ पाठ, मान बारीक. ते पळत नाहीत. तुम्ही अगदी जवळ गेलात तरी सावकाश फुलोरा खात राहतात. आमच्याकडे त्यांना हिंगे म्हणतात.

मी सात-आठ वर्षांचा असेन. असाच एक हिंगा माझ्या मनगटावर येऊन बसला आणि मी चापट मारून त्याला चिरडला. काहीच झालं नाही. दुखलं नाही, चुरचुरलंही नाही. मी हात चड्डीला पुसला आणि खेळायला गेलो. रात्री तिथे जरा लाल झालं. सकाळी उठलो तर मनगटावर पाण्याने भरलेला टपोरा फोड होता. आजीने हात उजेडाकडे धरला, पाहिलं आणि विचारलं, "हिंगा मारलास ना?" मग खोबरेल तेलाची वाटी शोधता शोधता म्हणाली, "हिंगा चिरडायचा नसतो रे. नुसती फुंकर घालायची. जातो तो."

त्या फोडामागचं द्रव्य पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं. त्याचं नाव कॅन्थरिडिन. पिएर रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1810 मध्ये ते या कुळातल्या भुंगेऱ्यांपासून वेगळं काढलं. भुंगेऱ्याला दाबलं की त्याच्या पायांच्या सांध्यांतून रक्ताचे थेंब बाहेर येतात आणि त्यांत हे विष असतं. ते त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींना एकमेकींपासून सोडवतं. हाताला हात धरून उभ्या असलेल्या पेशी सुटतात, मध्ये पाणी भरतं आणि फोड येतो. इजा वरच्या थरातच राहते, म्हणून फोड बरा झाल्यावर सहसा व्रण उरत नाही. याच गुणामुळे त्वचेवरच्या मस्सावजा गाठी घालवायला डॉक्टर हे द्रव्य मोजून-मापून वापरत आले आहेत, आणि तशा एका औषधाला अमेरिकेत 2023 मध्ये रीतसर मान्यताही मिळाली.

या द्रव्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्याचा परिणाम उशिरा दिसतो. आणि ते धरलेले हात सोडवतं. पुढे आपल्याला दोन्ही लागतील.

०००

आता लांब जाऊ.

कॅलिफोर्नियाच्या पूर्वेकडे, मोहावे वाळवंटात, केल्सो नावाच्या जागी वाळूच्या टेकड्या आहेत. मोहावे नदीने डोंगरांतून वाळू आणली. वाऱ्याने ती हजारो वर्षं उचलली आणि इथे आणून टाकली. साचत साचत काही टेकड्यांची उंची दोनशे मीटरच्या घरात गेली. कोरडी वाळू उतारावरून घसरते तेव्हा तिच्यातून खर्जातला घुमारा उठतो, खूप लांबून विमान जावं तसा. 1994 पासून हा सगळा मुलूख राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र आहे.

तुम्ही त्या उतारावर बसला आहात असं समजा. हिवाळा संपत आला आहे. इथला बराचसा पाऊस थंडीत पडतो, आणि यंदा तो पडला आहे. वाळूतून इथेतिथे एक झुडूप वर आलं आहे. ते अ‍ॅस्ट्रॅगलसच्या गोतावळ्यातलं, आपल्या हरभऱ्याच्या कुळातलं आहे. पानांवर रुपेरी लव, फुलं जांभळी. त्याच्या सावलीचा डाग ताटलीएवढा.

त्या डागात एक काळी भुंगेरी चालते आहे. तिला उडता येत नाही, उडायचे पंखच नाहीत. पाठीवरची कवचं आखूड, अंगात अर्ध्यावर संपणारा सदरा घालावा तशी. पोट अंड्यांनी फुगलेलं. तिने या झुडपाची पानं खाल्ली आहेत, तिला नर भेटला आहे. या कुळातल्या अनेक जातींत विष तयार करण्याचं काम मुख्यतः नराचं असतं. मीलनाच्या वेळी तो ते मादीला देतो आणि मादी त्यातलं काही अंड्यांना लावते. तिच्या घरची ही शिदोरी. ती झुडपाच्या तळाशी वाळूत अंडी घालते, सगळी एका जागी, आणि चालू लागते. पिल्लांचं पुढे काय होतं ते पाहायला ती नसते.

इथे थोडं थांबा. तुमच्याआधी कुणीतरी तुमच्यासाठी काहीतरी ठेवून गेलं आहे. घर असेल, आडनाव असेल, एखादी सवय असेल, भीतीही असेल. ठेवून जाणाऱ्याला तुमचं पुढे काय होणार हे दिसत नव्हतं. या भुंगेरीने पिल्लांसाठी दोन गोष्टी ठेवल्या: विषाचं पांघरूण आणि एकमेकांची जवळीक. तुमच्यासाठी काय ठेवलं गेलं? नाव देता आलं तर द्या. नाही देता आलं तरी ते आहे, एवढं जाणवू द्या.

०००

अंडी फुटतात. अळी बाहेर येते.

ती तिळाहूनही बारीक आहे. तिला सहा पाय आहेत, आणि प्रत्येक पायाच्या टोकाला तीन नखं असल्यासारखी रचना आहे. त्यावरून या अवस्थेला ट्रायंग्युलिन, म्हणजे तीन नखांची, असं नाव मिळालं. तिचं अन्न तिच्या आसपास कुठेही नाही. ज्या पानांवर आई जगली ती पानं तिच्या कामाची नाहीत. तिचं अन्न वाळूखाली, एका मधमाशीने खणलेल्या बिळात, बंद केलेल्या खोलीत आहे. ते बीळ कुठे आहे हे तिला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी ही वाळू चालून जायला तिचे पाय पुरे पडले नसते.

तर ती काय करते? ती वर चढते. एकटी चढत नाही. तिची सगळी भावंडं तिच्याबरोबर काडीवर चढतात आणि टोकाशी जाऊन एकमेकांना बिलगतात. कधी शंभर-सव्वाशे असतात, कधी दोन हजारांहून जास्त. त्यांचा मिळून एक गोळा होतो. रंग तांबूस तपकिरी, आकार एका मधमाशीएवढा. आणि मग तो गोळा तिथेच राहतो.

त्या काडीकडे पाहत बसा. वारा येतो. काडी हलते, गोळा हलतो, पण सुटत नाही. त्याच्या आत प्रत्येक अळीने कुणाला तरी धरलं आहे आणि प्रत्येकीला कुणीतरी धरलं आहे. सगळ्यात बाहेरच्या अळीला ऊन लागतं. सगळ्यात आतल्या अळीला काडीची साल लागते. मधल्यांना फक्त भावंडं लागतात.

श्वास आत घेताना मनात म्हणा: धरलं आहे. सोडताना म्हणा: धरलेली आहे. असं पाच-सहा वेळा.

०००

मराठीत वाट हा शब्द मला फार आवडतो. आपण वाट चालतो, वाट चुकतो, वाट धरतो, वाट सोडतो. आणि जेव्हा काहीच करता येत नाही तेव्हा वाट पाहतो. म्हणजे रस्ता पायांखाली नसतो, डोळ्यांपुढे असतो. येणारा अजून दिसत नसतो, पण तो जिथून येणार ती जागा आपण डोळ्यांनी स्वच्छ ठेवतो.

दुष्काळी भागात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. मृगाच्या आधी शेत नांगरून, कुळवून तयार करतात. ढेकळं फोडलेली असतात, काडीकचरा वेचलेला असतो, बियाणं निवडून ठेवलेलं असतं. ढगाचा पत्ता नसतो. शेत मात्र तयार असतं. पाऊस आल्यावर नांगरायला घेतलं तर वेळ निघून जाते.

अळ्यांचा गोळा असंच एक तयार केलेलं शेत आहे. आकार तयार आहे. उंची तयार आहे. प्रत्येक पायाचं नख तयार आहे. तो कधी काही दिवस टिकतो, कधी जवळजवळ दोन आठवडे. या काळात त्यांना खायला काही नसतं. अंगात जेवढी शिल्लक घेऊन जन्मल्या तेवढ्यावर त्या थांबतात. कोणीच आलं नाही तर गोळा सुकतो, आणि ती कहाणी तिथेच संपते. वाट पाहिली म्हणजे कुणीतरी येतंच असं नाही. हे वाळवंटात जितकं खरं आहे तितकंच आपल्याकडेही खरं आहे.

या कुळातली याहून लांबलेली वाटही माणसाने पाहिली आहे. दक्षिण फ्रान्समधल्या कार्पांत्रा गावाजवळच्या उन्हाने भाजलेल्या मातीच्या कड्यांत एकांड्या मधमाशा बिळं करतात. किड्यांचे अभ्यासक झां आंरी फाब्र तिथे तासन्‌तास बसून असत. सितारिस नावाच्या भुंगेऱ्याची अंडी तिथे शरद ऋतूत फुटतात. त्या अळ्या हिवाळाभर तिथेच, आपल्याच अंड्यांच्या टरफलांच्या ढिगात, काही न खाता पडून राहतात. मधमाशा बाहेर पडतात त्या वसंतात. तोवर जवळजवळ सात महिने जातात. या भुंगेऱ्यांच्या अवस्था नेहमीच्या किड्यांपेक्षा जास्त असतात, एकाच अळीचं रूप पुन्हा पुन्हा पार बदलतं, हे फाब्र यांनी 1857 मध्ये प्रसिद्ध केलं. किड्यांचा अभ्यास म्हणजे टाचणीला टोचलेले नमुने असा तो काळ होता. हा माणूस जिवंत किड्याशेजारी बसून राहिला, म्हणून त्याला ते दिसलं. वाट पाहणाऱ्याला पाहायचं तर आपल्यालाही वाट पाहावी लागते.

तुम्ही आत्ता कशाची वाट पाहत आहात? निकालाची, फोनची, कुणाच्या बरं होण्याची, कुणाच्या परतण्याची? ते नाव मनात येऊ द्या. ते यावं म्हणून काही मागू नका. इतकंच पाहा: ते आलं, तर तुमचं शेत तयार आहे का? नख तयार आहे का?

०००

आता केल्सोच्या वाळूत एक नर मधमाशी जागी होते. हॅब्रोपोडा पॅलिडा तिचं नाव. ही पोळ्यातली माशी नव्हे. तिला राणी नाही, वसाहत नाही. मादी एकटीच वाळूत बीळ खणते, एकटीच पराग आणते. नर माद्यांच्या आधी बाहेर पडतात आणि झुडपांभोवती घिरट्या घालत त्यांना शोधत राहतात. म्हणजे वाळवंटात त्या सकाळी दोघे जण वाट पाहत आहेत. एक काडीवर, एक हवेत.

नराला काडीच्या टोकावर काहीतरी दिसतं. मधमाशीएवढं, मधमाशीच्या रंगाच्या जवळपासचं. पण तेवढ्याने तो फसत नाही. त्याला वास येतो. मादीचा वास.

जॉन हाफर्निक आणि लेस्ली सॉल-गर्शेन्झ यांनी 2000 साली 'नेचर'मध्ये लिहिलं की या अळ्या मिळून मधमाशीची नक्कल करतात आणि नर त्यांच्याकडे ओढले जातात. त्यानंतर 2006 मध्ये सॉल-गर्शेन्झ आणि जोसेलिन मिलर यांनी दाखवलं की अळ्यांच्या गोळ्यातून निघणाऱ्या रसायनांचं मिश्रण मादी मधमाशीच्या गंधाशी जुळतं. अळ्यांनी मादी कधी पाहिलेली नाही. त्या कालपरवा वाळूतून निघाल्या. तरी तिचा गंध त्यांच्या अंगात आहे. असंख्य पिढ्यांत ज्यांच्या अंगाला तो जास्त जुळता होता त्या नेल्या गेल्या, बाकीच्या काडीवर सुकल्या. आत्ताच्या अळ्यांनी हा गंध शिकलेला नाही. त्या नेल्या गेलेल्यांच्या लेकी आहेत.

आणि हा गंध त्या जागेचा आहे. याच जातीच्या अळ्या फार उत्तरेला, ओरेगॉनच्या समुद्रकाठच्या वाळूतही असतात. तिथे त्यांची गाठ दुसऱ्या मधमाशीशी पडते. तिथल्या अळ्यांचा गंध तिथल्या मधमाशीशी जुळता असतो, आणि काडीवर त्या किती उंचीवर थांबतात तेही तिथल्या नरांच्या उडण्याच्या उंचीशी जुळतं, असं 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. कोण येणार आहे हे या जिवांच्या अंगाला ठाऊक आहे. नुसतं कुणीतरी येईल एवढ्यावर त्या थांबत नाहीत. या वाळूत, या उंचीवर, हाच येईल, असं धरून थांबतात.

नर जवळ येतो. घुटमळतो. मग गोळ्यावर झेपावतो.

तेवढाच एक क्षण. इतके दिवस एकमेकींना धरलेल्या अळ्या एकमेकींना सोडतात आणि त्याच्या पोटाकडच्या केसांना धरतात. काडीच्या टोकावर भावंडांचा जो गोळा होता तो आता नाही. नर उडतो. त्याला मादी मिळालेली नाही. त्याच्या अंगाखाली डझनांनी ओझी लटकली आहेत, आणि त्याचा शोध चालूच आहे.

०००

इथे श्वास मोकळा सोडा, आणि त्या एका क्षणापाशी परत या.

इतके दिवस जगवलं कुणी? एकमेकांच्या पकडीने. एकटी अळी काडीवर बसली असती तर कुठल्याही नराला ती दिसली नसती, तिचा गंध त्याच्यापर्यंत पोहोचला नसता. भावंडांनीच तिला मधमाशीएवढं केलं. आणि वाट समोर आली तेव्हा तीच पकड सोडावी लागली. जी अळी शेजारणीला धरून राहिली असेल ती काडीवरच राहिली.

पुढे नराला खरी मादी भेटते. तो तिच्या पाठीवर असतो. त्याच्या पोटाला धरलेल्या अळ्यांसमोर तिची पाठ येते. पुन्हा तेच. नराला सोडायचं, मादीला धरायचं. मग मादी बिळात जाते, खोलीत पराग आणि मध साठवते. अळीने तिथे तिलाही सोडायचं.

धरणं आणि सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. धरणं म्हणजे प्रेम, सोडणं म्हणजे वैराग्य, असं काहीसं. या अळीच्या पायाकडे पाहिलं की तसं वाटत नाही. तिच्या पायाचं नख तेच आहे. त्याच नखाने तिने भावाला धरलं, त्याच नखाने नराला, त्याच नखाने मादीला. दर वेळी आधीचं सुटलं तेव्हाच पुढचं धरता आलं. वाट धरणं आणि वाट सोडणं तिच्या अंगात एकाच जागी आहे.

आता उजवा हात मांडीवर ठेवा. मूठ हळूच मिटा. फार घट्ट नको, एखादं बी धरल्यासारखी. पाच श्वास. तुम्ही ज्याला धरून इथवर आलात ते माणूस, ते गाव, ते काम या मुठीत आहे असं समजा. त्याचे आभार माना. मग बोटं एकेक करून उघडा. काही टाकून द्यायचं नाही. फक्त हात रिकामा असताना कसा वाटतो ते पाहा.

०००

यानंतरचा भाग मला सोपा नाही, आणि तो गाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही.

मधमाशी वाळूत बीळ खणते तेव्हा तिचं सगळं अंग त्यात पणाला लागतं. एकेका खेपेला एकेक ओझं पराग आणायचा. तो मधात कालवायचा. त्यावर एक अंडं घालायचं. खोली बंद करायची आणि पुढची खोली करायला घ्यायची. आपल्या पिल्लाला ती कधी भेटत नाही. ती त्याला एकच गोष्ट देते: पुरेल एवढं अन्न असलेली बंद खोली. भुंगेरीसारखीच तीही शिदोरी ठेवून जाणारी आई आहे.

त्या बंद खोलीत अळी आहे. फाब्र यांनी सितारिसच्या अळीचं जे पाहिलं ते असं: अळी अंड्यावर उतरते. मधात पडली तर ती बुडेल, म्हणून अंडं हीच तिची नाव. ती आधी अंडं खाते. मग उरलेल्या टरफलावर बसून कात टाकते, आणि कात टाकून जे रूप येतं ते पांढरं, मऊ, मधावर तरंगणारं. काडीवर चढणारे ते चपळ पाय, ती नखं आता लागत नाहीत. केल्सोच्या वाळूखालीही मधमाशीच्या लेकराच्या वाट्याचं सगळं भुंगेऱ्याच्या वाट्याला जातं. पुढच्या थंडीत त्या खोलीतून मधमाशीऐवजी काळा भुंगेरा वर येतो.

यावर मन लगेच निकाल द्यायला धावतं. फसवणूक, चोरी, परजीवी. किंवा उलट बाजूने: निसर्गाचा नियम, जीवो जीवस्य जीवनम्. दोन्ही निकाल आपल्याला तिथून लवकर उठवतात. आज उठू नका. दोन्ही आया नजरेसमोर ठेवा. एकीने अंडी ठेवली आणि चालती झाली. दुसरीने खोली भरली आणि दार लावलं. काडीवरची वाट पाहणं जितकं खरं होतं तितकंच मधमाशीचं नुकसान खरं आहे. एकाची वाट सफल झाली याची किंमत दुसऱ्या कुणीतरी भरली. आपल्या आयुष्यात ज्या वाटा उघडल्या त्यांची किंमत कुणी भरली, हा प्रश्न इथून आपसूक उठतो. माझ्या शिक्षणासाठी कुणाचं शिक्षण थांबलं? आमच्या नळाला पाणी यावं म्हणून कुणाचं गाव धरणाखाली गेलं? उत्तर आलं तर लाजेने झटकू नका. त्याच्याजवळ थोडं बसा.

आणि हेही पाहा: भुंगेऱ्याची सगळी भिस्त या मधमाशीच्या जगण्यावर आहे. मधमाशा संपल्या तर काडीवरचे गोळे सुकून जातील. मधमाशा झुडपाच्या फुलांवर जगतात, भुंगेरे त्याच झुडपाच्या पानांवर, आणि झुडूप हिवाळ्यात पडणाऱ्या थोड्याशा पावसावर. ज्याचं घेतो त्याच्यावाचून चालत नाही, अशी ही सगळी बांधणी आहे. सगळ्यांची वाट शेवटी एकाच ढगाकडे लागलेली आहे.

०००

आता परत येऊ. वाळू मागे राहू द्या. बाजरीचं कणीस पुन्हा डोळ्यांपुढे आणा.

हिंगा अजून तिथेच बसला आहे. फुलोरा खातो म्हणून शेतकऱ्याचं नुकसान करतो, हे खरं. या कुळातल्या कित्येक जातींच्या अळ्या जमिनीत शिरून टोळ-नाकतोड्यांची अंडी खातात, हेही खरं. कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी 1878 मध्ये अमेरिकेतल्या टोळांच्या धाडीच्या काळात ते शोधून मांडलं होतं. कणसावर जो वैरी दिसतो त्याचंच लेकरू मातीखाली पिकाच्या दुसऱ्या वैऱ्याला आवरत असतं. भुंगेरा डोळ्यांसमोर असतो, अळी मातीखाली असते. आपला निकाल मात्र डोळ्यांसमोरच्यावर लागतो.

आजीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की पीक राखायचं आणि हिंगाही चिरडायचा नाही, दोन्ही जमतं. ती कणसाच्या जवळ तोंड नेऊन हलकी फुंकर घालायची. हिंगा कणीस सोडून खाली पडायचा, नाही तर पंख उघडून दुसरीकडे जायचा. मग ती पुढच्या कणसाकडे वळायची. एका माणसाने फुंकर घालून किती शेत राखलं जाणार? थोडंच. पण सकाळच्या कामाला जाताना वाटेवरची कणसं ती अशी पाहत जायची.

शेवटचं एकच करा. आत भरून श्वास घ्या. मग ओठ किंचित पुढे करा आणि तो श्वास फुंकरीसारखा लांब, सावकाश सोडा. ज्याची वाट पाहून तुमची मूठ आवळली गेली आहे त्याच्यावर घाला ती फुंकर. चिरडायचं नाही, झटकायचं नाही. आणखी एकदा. आणखी एकदा.

माझ्या मनगटावरचा तो फोड आठवड्याभरात बसला. कातडी सुटून गेली, खाली नवी आली. आज तिथे काही खूण नाही. डावं मनगट होतं की उजवं, हेही मला खात्रीने सांगता येत नाही. पण दवाखान्याच्या बाकावर, फलाटावर, दारात, कुणाची वाट पाहताना माझा अंगठा आपोआप दुसऱ्या हाताच्या मनगटावर जातो आणि तिथली कातडी हळूच चाचपतो. मग मी मूठ सैल करतो. आणि रस्त्याकडे पाहतो.